अनोळखी निर्मात्यास

चि. खुडबुड्या यास आत्याचे दोन्ही हातांनी आशीर्वाद.

तब्येत कशी आहे? वेळेवर जेवतोस का? (उत्तर देऊ नकोस, खोटं बोलशील.) इकडे मी ठणठणीत. तुझ्या आतोबांचे गुडघे कुरकुरतात, पण ते स्वतः त्याहून जास्त कुरकुरतात. दुकानातला कॉम्प्युटर मात्र अंथरुणाला खिळलाय. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "आत्या, बंद करून चालू कर" एवढंच म्हणतोस आणि लगेच तुला मीटिंग असते. पत्राला मीटिंग नसते.

तर झालं असं, की कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने (त्याला आम्ही डॉक्टर म्हणतो, कारण तो बॅग घेऊन येतो आणि आल्या आल्या मान हलवतो) नवं अँटिव्हायरस घालून दिलं. भलतंच शिस्तीचं प्रकरण! सकाळी दुकान उघडलं, की ते एकेका प्रोग्रामची झडती घेत बसतं. सगळं सुरळीत चालतं, आणि तू कॉलेजात असताना मला करून दिलेला तो गिऱ्हाइकांच्या मापांचा प्रोग्राम आला, की जागच्या जागी थिजतं. हिरवी पट्टी तिथेच, बाण तिथेच, मी तिथेच, आणि कोटाच्या बाह्या आखूड करायला आलेलं गिऱ्हाईकही तिथेच. शेवटी बटण दाबून कॉम्प्युटरचा जीव घ्यावा लागतो.

परवा थिजण्याआधी पडद्यावर अक्षरं उमटली, "अनोळखी निर्माता. सावध राहा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अनोळखी? ज्याचे कान मी धरधरून धुतले, ज्याने माझं शिलाई मशीन "आत काय आहे ते बघतो" म्हणून खोललं आणि परत जोडताना मूठभर स्क्रू उरवले (मशीन अजून चालतंय, ते स्क्रू कशाला होते देव जाणे), तो अनोळखी? आतोबा म्हणाले, अगं, त्याला काय माहीत. मी म्हटलं, माहीत नसेल तर तोंड बंद ठेवावं!

आणि प्रोग्राम उघडत नाही म्हणजे माझे काय हाल होतात, ते तुला कळायचं नाही. तो उघडला की पहिली ओळ तू घातलेलीच येते, "आत्या, टेप गळ्यातच आहे." आता ती ओळ दिसत नाही, त्यामुळे मी टेप शोधत अख्खं दुकान उलथंपालथं करते. परवा तुझ्याऐवजी आतोबांनी ते सांगून पाहिलं. त्यात ती मजा नाही.

उपाय सगळे झाले. आतोबांनी कॉम्प्युटरला पंख्याचा वारा घातला, ओल्या फडक्याने पुसला (बंद करून, बरं का), एकदा हळू आवाजात समजावूनही पाहिलं. डॉक्टर म्हणाला, "हा जुना प्रोग्राम काढून टाका, मी नवा देतो." मी फक्त त्याच्याकडे पाहिलं. (हातात कात्री होती, पण ती कामाचीच.) तो इतक्या घाईने गेला की बॅग विसरला.

म्हणून म्हणते, मागच्यासारखा लांबून आमच्या पडद्यावर ये आणि या अँटिव्हायरसला चार शब्द सुनाव. मागच्या वेळी तू तिकडून आमचा बाण हलवायला लागलास, तेव्हा मी माउसवरचा हात काढून घेतला. बाण नुसता भिरभिरत होता, तुझ्यासारखाच, एका जागी म्हणून बसेना. आतोबा खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, "आला बघ." मग बाण थांबला. तू गेलास हे आम्हाला बराच वेळ कळलंच नाही, आम्ही आपले बघत बसलो होतो. खुडबुड्या, तुझी फार आठवण येते रे.

तुझी,
आत्या

ता. क. काळजी करू नकोस. डॉक्टर बॅग न्यायला आला होता, तेव्हा त्याला रोग सापडला. तू पूर्वी घातलेलं जुनं अँटिव्हायरस अजून कामावरच होतं. दोघं मिळून तुझ्या प्रोग्रामला धरत होते, आणि आधी दुसऱ्याने सोडावं म्हणून अडून बसत होते. त्याने जुन्याला काढलं, तुझ्या प्रोग्रामला विश्वासातल्यांच्या यादीत घातलं, आणि चहा निवायच्या आत सगळं झकास चालू झालं.

ता. क. दुसरा. मी त्याला सगळं पुन्हा पहिल्यासारखं बिघडवून ठेवायला लावलं. त्याने खात्री करायला दोनदा विचारलं, मग आतोबांकडे पाहिलं. आतोबा म्हणाले, "ती सांगते तसं कर." दुरुस्त झालं असतं तर तू कशाला आला असतास?

ता. क. शेवटचा. आतोबा म्हणतात, आता खरं काय ते लिही. प्रोग्राम मधल्या वेळात चालला, तेवढ्यात तुझं माप काढून पाहिलं. कॉलेजातलं आहे. तुझ्या वाढदिवसाच्या शर्टाचं कापड आणून ठेवलंय, निळं, बारीक रेघांचं. फोनवर माप विचार, असं आतोबांचं म्हणणं. पण सांगीव मापावर मी आजवर कुणाचं काही शिवलेलं नाही, माप अंगावरच घ्यावं लागतं. तेव्हा बाण पाठवू नकोस, तूच ये. टेप गळ्यातच आहे.