फटीच्या अलीकडून

प्रिय वर्लीन,

पत्र बघून तुला हसू येईल. फोन असताना ही बाई पत्रं कसली लिहिते, असं तू त्या ब्रायोनीला म्हणशीलही. म्हण. फोनवर तुझ्या मागून तिचा आवाज येतो, तिच्या कपबशांचा आवाज येतो, आणि मला बोलायचं असतं ते राहूनच जातं.

इकडे सगळं ठीक आहे. होमनच्या बकऱ्यांनी त्याच्या रानातलं गुहेकडचं फाटक पुन्हा पाडलं आणि म्हाताऱ्याने पुन्हा आपल्या गुहा धुंडाळणाऱ्या क्लबालाच शिव्या घातल्या. वटवाघळं अजून मेक्सिकोतच आहेत, त्यामुळे गुहेत निदान श्वास घेता येतो. रॉस्कोचा गुडघा पार गेला, पोट मात्र शाबूत आहे. क्लबाच्या बैठकीत सगळ्यांनी तुझी चौकशी केली. मी सांगितलं, बाईसाहेब आता ऑस्टिनला असतात, जमिनीखाली उतरत नाहीत, विमानात बसून वटवाघळांच्या मागे लागतात. सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन तुझा जुना दोर उगाचच धुऊन काढला.

ऑक्टोबरच्या मेळाव्यातून मी लवकर का निघाले, असं तू विचारलं होतंस. डोकं दुखत होतं म्हणाले, ते खोटं. शेकोटीपाशी ब्रायोनी सांगत होती, की तुम्ही दोघींनी वटवाघळाच्या पाठीला वाटाण्याएवढं यंत्र कसं चिकटवलं, आणि सपाट उडताना त्यातलं एक ताशी शंभर मैलांना कसं पोचलं. अंगठ्याएवढं ध्यान ते! लोक रॉस्कोची चिली, ते त्याचं तिखटजाळ मटणाचं कालवण, खायचे थांबले. तू तर तिच्याकडे असं बघत होतीस, जसं काही ती स्वतःच उडून आली होती. मला ते बघवेना. मी सगळ्यांदेखत विचारलं, "मागून वारा किती होता? तो वजा केलात का?" तिने शांतपणे उत्तर दिलं, "केला ना ताई, वजा करूनच सांगतेय. पण प्रश्न अगदी नेमका विचारलात." ताई म्हणाली मला! आमच्या वयात असं कितीसं अंतर आहे?

तेही मी गिळलं असतं. पण मग तू पिकअपची गोष्ट काढलीस. संध्याकाळी गुहेतून वटवाघळांचा लोट निघालेला, त्याच्याखालून होमनच्या रस्त्यावर मी गाडी पळवतेय, तू मागच्या हौद्यात उभी राहून वर बघत ओरडतेयस, "अगं पळव, पुढे जातायत ती!" काटा साठाच्या पुढे गेला आणि आपण दोघी कुंपणात. वटवाघळांचा वेग आधी आपण मोजला होता, वर्लीन. मोडकातोडका का होईना, आपण. आणि तू ती गोष्ट सुरू कशी केलीस? "मी एकदा एका मैत्रिणीबरोबर." मी तुझ्या शेजारच्याच ओंडक्यावर बसले होते. गाडी माझी, कपाळावरचे टाके माझे, आणि मी एक मैत्रीण! मी जळतेय, हे स्पष्टच लिहून टाकते. तुला अंदाज बांधत बसायला नको.

त्याच मेळाव्यात दुपारी फळ्यांच्या चौकटीतून सरपटायची शर्यत झाली. दरवर्षी वरची फळी खाली खाली आणायची, आणि शेवटी तूच काय ती पलीकडे निघायचीस. यंदा तुझ्यामागून तीही निघाली, केससुद्धा न विस्कटता. तू टाळ्या वाजवल्यास. मी मनात म्हटलं, लाकडात कुणीही शिरेल, दगडात शिरून दाखव.

आता आपल्या फटीचं सांगते. होमनच्या गुहेच्या टोकाला जिथून वारा येतो, ती आपली फट. दर हिवाळ्यात आपण तिथला चिखल उपसला. यंदा तू आली नाहीस, म्हणून मी आणि रॉस्कोने उपसला. गेल्या रविवारी शेवटचा दगड निघाला. मी दिवा धरला. पलीकडे गुळगुळीत चिखल, त्यावर एक पाऊल उमटलेलं नाही, आणि पुढे इतका अंधार की दिवा समोरच्या भिंतीला पोचेना. मी हाक मारली तर ती परत यायला चांगलाच वेळ लागला. रॉस्को म्हणाला, "शिर की आत. ती काय आता येणारेय?" मी म्हटलं, फट दोघींनी शोधली, दोघी असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. हा नियम क्लबाला त्यानेच घालून दिलाय, त्यामुळे तो फावडी आवरायला लागला. मी दगड परत लावून टाकला.

पण पुरतं खरं तेही नाही. मी फटीचं माप घेऊन आले आणि घरी गॅरेजमध्ये तेवढी चौकट ठोकली. डोकं गेलं, खांदे गेले, पुढे अडले. फटीत आता नुसता कातळ आहे, खणून काही व्हायचं नाही. मी त्या फटीतून कधीच जाणार नाही, वर्लीन.

तसं अरुंद जागी नेहमी तूच पुढे आणि मी अलीकडे. तू दोन हात सरपटून तिथूनच ओरडून सांगायचीस, हिल्डे, इथे पांढरे खांब आहेत, इथे पाणी आहे, हे बघ, ते बघ. मी न बघता सगळं बघितलंय. पण पलीकडे आता मोठी जागा आहे, तिथे एकटीने जायचं नाही. सोबत कोणीतरी हवं, आणि रॉस्कोचं पोट तुला माहीतच आहे. त्यात होमन रान विकतोय. मार्चमध्ये वटवाघळं आली की गुहा बंद, आणि ती जाईपर्यंत रान दुसऱ्याचं झालेलं असेल. तो नवा मालक कुणाला फाटकाशीही उभं करणार नाही. म्हणजे काय तो हा फेब्रुवारी. त्या मापात बसणारी, तू जिच्या भरवशावर जीव टाकशील अशी एकच बाई मला माहीत आहे. म्हणून ये, आणि ब्रायोनीला घेऊन ये. हे एवढं वाक्य लिहायला मी इतकं पत्र लांबवलं. पहिलं पाऊल तुझं. त्या जागेला नाव काहीही ठेव, तिचं सोडून. मी अलीकडे बसेन, कॉफी घेऊन, नेहमीसारखी. फक्त एक कर. आत काय आहे ते तिला सांगावं लागणार नाही, ती शेजारीच असेल. तरी तू ओरड. मला सगळं सांग.

तुझीच, नावानिशी,
हिल्डी