सव्वीस किलो उतरल्यानंतर

४ मार्च
पोटाच्या ऑपरेशनला तीन महिने झाले. सव्वीस किलो उतरलो. आहाराच्या बाई म्हणाल्या, रोज साठ ग्रॅम प्रोटीन, व्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम, महिन्याला बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन. जन्मभर. जन्मभर म्हणे. बायको सगळं वहीत उतरवत होती. माझं बोलणं तिने आजवर इतकं मन लावून ऐकलेलं नाही.
संकल्प: उद्यापासून सगळं वेळेवर.

५ मार्च, सकाळी ७
प्रोटीन पावडर. ओल्या भिंतीचा वास. एक घोट घेतला, बाकी बेसिनला पाजली. बायको म्हणाली, नाक दाबून प्या. मी काय तान्हं बाळ आहे? दुपारी बघू.

दुपारी २
गिऱ्हाईक होतं. राहिलं.

१९ मार्च
लोहाची गोळी म्हणजे गंजकी किल्ली चोखणं. कॅल्शियमची म्हणजे खडू. दोन आठवड्यांत चार दिवस घेतल्या. वहीत दहा लिहिले. आव आणायचा तर नीट आणावा.

११ एप्रिल
आज तपासणी होती. गेलो नाही. लग्नाचे चार कोट शिवायचेत, आणि ठणठणीत माणसाने दवाखान्यात जाणं म्हणजे दुखणं विकत घेणं. दवाखान्यातून फोन आला. बायकोला खूण केली, बाहेर गेलेत म्हण. ती म्हणाली, समोरच बसलेत, देते. घरचा भेदी.
इंजेक्शन पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम घेईन.

२ मे
बाथरूमच्या जाळीत केसांचा बोळा. मेलेल्या उंदरासारखा. काडीने उचलला, शिसारी आली. साबण बदलला.

२० मे
साडूकडे वाढदिवस. पोट लहान, म्हणून केकचे तुकडेही लहान घेतले. पाच. मग दरदरून घाम, धडधड, आणि पाऊण तास साडूच्या संडासात. बाहेर रांग. साडूला केक पारखता येत नाही.

६ जून
पायांना मुंग्या. मशीनचं पायडल जड झालंय. तेल घातलं.
बोटंही जड वाटतात. हल्लीच्या सुया भिकार. दुकानदाराला सुनावलं. मुलगी म्हणाली, बाबा, रक्त तपासा. कॉलेजात दोन वर्षं काढली की बापाला शिकवायचं.

१४ जून
नवरदेव कोटाच्या ट्रायलला आला होता. सोबत आई. पांढऱ्या कोटाच्या कॉलरवर लाल ठिपका. मग दुसरा. मी म्हटलं, कापडातच दोष असेल. त्याची आई म्हणाली, मास्तर, तुमच्या अंगठ्यात सुई घुसलीय.
पाहिलं. आरपार होती.
मी म्हटलं, माहीत आहे.
तिने कोट घडी न करताच पिशवीत कोंबला आणि मुलाला घेऊन गेली. सत्तावीस वर्षांचं दुकान.

१५ जून
दवाखाना. बायकोने वही पुढे केली. आहाराच्या बाईंनी दहाच्या आकड्यावर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, वही मिटली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं लगेच सुरू करू. काही संवेदना परत येते, सगळी येईल असं सांगता येत नाही. मग म्हणाले, डोळे मिटा, कुठल्या बोटाला टोचतोय ते सांगा.
डोळे मिटले. थांबलो. बराच वेळ गेला. म्हटलं, डॉक्टर, करा आता सुरुवात.
शेजारी बायकोने नाक ओढलं.
डॉक्टर म्हणाले, झालं. दहाही बोटं झाली.