उसनी चव

प्रिय दादा,

पकडलंस. कधीतरी पकडशील हे ठाऊक होतं, पण इतक्या लवकर नाही. मागच्या पत्रात मी बारमध्ये आलेल्या त्या नव्या मेझकॅल दारूबद्दल ‘संतुलित गोडवा आणि रेंगाळणारा शेवट’ असं लिहिलं, आणि तू दवाखान्यात पडल्यापडल्या उलट टपाली विचारलंस, ही जीभ कुणाची उसनी आणलीस? ते शब्द लांब्याचे आहेत. लांब्या म्हणजे आमच्या बारमधला माझा सव्वासहा फुटी सहकारी. मद्यं चाखायचा रीतसर कोर्स केलाय त्याने, आणि साधं लिंबू पिळतानाही परीक्षेला बसल्यासारखा चेहरा करतो. गेल्या चार महिन्यांच्या चारही पत्रांतल्या चवी त्याच्याच. मी फक्त विचारून उतरवून घेतल्या.

आपलं काय ठरलं होतं ते मी विसरलेले नाही. डॉक्टरांनी तुला थेंबही वर्ज्य केला, तेव्हा तूच म्हणालास की आता तू पी आणि मला लिही. फोनवर नको, फोनवर तू बडबडतेस. कागदावर असलं की मला सावकाश, पुन्हापुन्हा घेता येईल. तुझं दुखणं पित्ताच्या नळ्यांचं, दारूशी त्याचा काडीचाही संबंध नाही, हे आईला समजावताना वहिनीच्या नाकी नऊ आले. आई अजून माझ्या बाटल्यांकडे संशयानेच बघते. तुझं यकृत दिवसेंदिवस थकत चाललंय, नव्या यकृतासाठी थांबलेल्या रुग्णांच्या यादीत तुझा नंबर जागचा हलत नाही, आणि मी तुला रमचे वास कळवत बसते. कधीकधी माझं मलाच विचित्र वाटतं. पण वहिनी सांगते की पत्र आलं की तू उशी मागे घेऊन उठून बसतोस, म्हणून लिहीत राहिले.

चव सांगायला मला कोर्सने शिकवलं नाही, तू शिकवलंस. तुझ्या सुतारकामाच्या शेडमध्ये मी डोळे मिटून उभी, आणि तू रंध्यातून निघालेलं लाकडाचं वेटोळं माझ्या नाकाखाली धरायचास. लाकडाचं नाव सांगून सुटका नसायची. कशासारखा वास येतो ते सांग, आणि आपल्या घरात सापडेल अशीच वस्तू सांग, हा तुझा हट्ट. एका फळीला मी ‘मामाच्या पेटीतला कोट’ म्हणाले, तर तू हातातलं काम टाकून तो कोट हुंगायला गेलास. मामा आजही तुला अर्धवट समजतो.

आपलं पहिलं मेझकॅल आठवतं? बारच्या सुट्टीची दुपार होती, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, आणि आपण दोघं काउंटरशी. जाड बुडाचे दोन छोटे ग्लास, त्यात बोटभरही नाही. तू औषधासारखं एका दमात घशाखाली ढकलायला निघालास, तर मी तुझं मनगट धरलं. आधी नुसते ओठ भिजव म्हटलं. घायपाताच्या जातीचं झाड वाढायला वर्षानुवर्षं लागतात, मग त्याचा गड्डा तापल्या दगडांवर, जमिनीत पुरून भाजतात. इतक्या जणांनी इतका धीर धरलाय, तर तूही जरा धर. तू ओठ भिजवलेस, डोळे मिटलेस आणि म्हणालास, करवतीचं पातं तापून लाकूड करपतं ना, तो वास. मी म्हणाले, विझवलेल्या शेकोटीशेजारी कुणीतरी मोसंबं सोलतंय. तेवढ्या घोटावर आपण तासभर बसलो. मग मी मोसंब्याचा रस, लिंबू आणि ग्लासच्या काठाला मीठ लावून त्याचं कॉकटेल केलं. हे म्हणजे पहिलवानाला झबलं घालणं आहे, असं तू म्हणालास आणि दोन ग्लास संपवलेस. त्या दुपारी मी फार सुखात होते, दादा.

तर मी का चाखत नाही, यावर तू तीन तर्क लढवलेस. नाक गेलं म्हणावं तर नाक शाबूत आहे. कॉकटेल जमलंय की नाही ते मी हल्ली वासावरच ठरवते आणि लांब्याकडून खात्री करून घेते. बदल्यात त्याच्या वाटचे ग्लास पुसते. नोकरीही आहे. काउंटरची फळी फुगलीय, मालक नवी बसवायला निघालेत, त्यांना मी सांगितलं की थांबा, माझा भाऊ बरा होऊन येतोय. आणि गोड बातमीचं म्हणशील, तर त्याला आधी एखादा पुरुष लागतो. माझ्या आयुष्यात सध्या लांब्या एवढाच आहे, आणि तो ग्लास पुसून घेण्यापलीकडे काही मागत नाही.

आता खरं सांगते. चार महिन्यांपूर्वी तू सगळ्यांना दम भरलास की माझ्यासाठी घरातल्या कुणीही सुरीखाली जायचं नाही, गेलात तर तोंड बघणार नाही. वहिनीचा रक्तगट जुळत नाही, आईचं वय झालं. म्हणजे माझ्याकडे न बघता तू ते मलाच बोलत होतास. मी पुढच्याच आठवड्यात तपासणीला गेले. बारमध्ये काम करते म्हटल्यावर डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं आणि सांगितलं, आजपासून एक थेंबही नाही. एक थेंबही घेतलेला नाही. काल शेवटच्या तपासणीचा अहवाल आला. जुळतंय, दादा. माझ्या यकृताचा एक भाग तुला, उरलेला मला, आणि दोन्ही पुन्हा वाढतात, हे मी सर्जनकडून तीनदा वदवून घेतलं. भीती वाटते, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त भीती मला वहिनीच्या फोनची वाटते, रोज. परवा डॉक्टर तुझी संमती विचारायला येतील. माझी सही झाली आहे. तू नाही म्हणालास तर ते थांबतील, म्हणून हे पत्र त्यांच्या आधी तुझ्या हाती पडावं. नंतर माझं तोंड बघायचं नसेल तर नको बघूस. पण जिवंत राहून नको बघूस.

तुझीच,
शेंडेफळ