मागचे पाच रॉड

३ सप्टेंबर
सकाळी डब्लिनहून बिल्यानाचा फोन. अठरा ऑक्टोबरला येणार, जावई क्रुम आणि सियाना बरोबर. नात आता दीड वर्षाची झाली. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, टॅक्सी नाही, बस नाही, आजोबा स्वतः गाडी घेऊन सोफियाच्या विमानतळावर हजर राहतील.  ती म्हणाली, बघू रे बाबा, अजून वेळ आहे.

हे 'बघू' मला चांगलं कळतं. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आली होती तेव्हा माझी जुनी गाडी मागून डुलत होती. वळणावर पुढचं अंग एकीकडे, मागचं दुसरीकडे. बिल्याना मागच्या सीटवर पोरीला दोन्ही हातांनी कवटाळून बसली होती आणि दर खड्ड्याला एकच, बाबा, हळू. उतरली तेव्हा पांढरीफटक. नंतर मुक्कामभर पोरीला घेऊन पायी बाजारात गेली, पण गाडीत पाऊल टाकलं नाही.

तेव्हा निर्णय झाला. मागच्या चाकांचा आस, म्हणजे अ‍ॅक्सल, धरून ठेवणारे पाच रॉड, चार लांबीत, एक आडवा, आणि त्यांच्या टोकांचे रबरी बुश, सगळं नवीन. माझ्या हातांनी. सियाना माझ्याच गाडीतून घरी येणार.

कापडगिरणीच्या प्लॅनिंग खात्यात हयात गेली आहे. काम आठवड्याचं. जास्तीत जास्त.

५ सप्टेंबर
इमारतीखालच्या गॅरेजांच्या रांगेत बातमी फुटली. शेजारचा रांगेल आला. जन्मभर ट्रॉलीबस चालवली, त्यामुळे जगातल्या सगळ्या वाहनांवर त्याचा हक्क. त्याने डिकीवर बसून दोन उड्या मारल्या, कान लावला आणि म्हणाला, बुश गेले. हे मीच त्याला आधी सांगितलं होतं. पेन्चोही आला. हा निवृत्त दातांचा डॉक्टर, गाडी कधीच नव्हती. आडवा होऊन खाली डोकावला आणि म्हणाला, स्तामेन, इथे सगळंच किडलंय रे, उपटून टाक.

दोघांनाही सांगितलं, मदत नको. फक्त बघा आणि शिका.

९ सप्टेंबर
रॉड आले! काळेभोर, चकचकीत, तेलकट कागदात. घरी आणून टेबलावर मांडले तर झ्लातका म्हणाली, जेवायच्या टेबलावर नको. जन्मभर संसार करूनही या बाईला सौंदर्य दिसत नाही.

नवी वस्तू आली की शेजाऱ्यांना पाजावं लागतं, नाहीतर ती लाभत नाही. रांगेलला हे माझ्याआधी आठवलं. बॉनेटवर टोमॅटोचं सलाड, चीज, घरी गाळलेली फळांची दारू, राकिया. रांगेलने प्रत्येक रॉडवर दोन दोन थेंब शिंपडले आणि गाडीला दीर्घायुष्य चिंतलं. पेन्चोचं म्हणणं, बुश वेगळे, रॉड वेगळे, तेव्हा बुशची पार्टी वेगळी. तीही उरकली.

काम आज झालं नाही. उद्या.

१० सप्टेंबर
डोकं जड. उद्या.

१२ सप्टेंबर
गॅरेजात खाली उतरून काम करायला खड्डा आहे. मीच खणून घेतलेला. त्यात गेली कित्येक वर्षं झ्लातकाच्या बरण्या आहेत. भाजलेल्या मिरच्या, लोणची, जर्दाळूचे मुरंबे, ल्युतेनित्सा, म्हणजे मिरची-टोमॅटोची लाल चटणी. वरून फळ्या. झ्लातका स्वतःहून म्हणाली, खड्डा रिकामा करून देऊ का, दोघं मिळून करू, दुपारभराचं काम. मी हसलो. म्हटलं, बाई, आता जॅक आहे, गाडी टेकवायला लोखंडी घोड्या आहेत, खड्ड्यात उतरण्याचे दिवस गेले. ती म्हणाली, बरं. आणि मिरच्या भाजायला गेली.

खरं सांगायचं तर बरण्या इतक्या आहेत की बघूनच माझी कंबर धरते. पण हे इथे लिहायची गरज नव्हती.

१५ सप्टेंबर
गाडी घोड्यांवर. मागची चाकं काढली. अ‍ॅक्सल लोंबकळतोय. दृश्य भव्य.

पहिल्या नटला पाना लावला. नट हलला नाही.

१६ सप्टेंबर
नट हलला नाही. रॉकेल ओतलं.

१७ सप्टेंबर
नट हलला! आनंदाने ओरडलो. रांगेल धावत आला. मग दिसलं की नट नाही, पाना घसरलाय. नट आता गोल. हाताला पट्टी. झ्लातकाने बांधली. 

२३ सप्टेंबर
नट निघाले. आता बोल्ट निघत नाहीत. बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झालेत. हातोडा मारला की अख्खी गाडी हलते, बोल्ट नाही. पेन्चो शेजारी स्टुलावर बसून सांगतो, आधी हलवून सैल करायचं, मग एकदम ओढायचं. मी त्याला म्हटलं, हा दात नाही. तो म्हणाला, पेशंटही असंच ओरडायचे.

काळजी नाही. वेळ भरपूर आहे. प्लॅनमध्ये अडचणींसाठी जागा ठेवलेलीच असते. या प्लॅनमध्ये नव्हती, पण आता ठेवली.

३० सप्टेंबर
रांगेलचा ग्राइंडर आणला. कापायचंच. ठिणग्यांचा नुसता पाऊस. मी एका बाजूला, झ्लातका दाराशी मिरच्या भाजत दुसऱ्या बाजूला. तिच्या एप्रनला चार भोकं पडली. ती म्हणाली, स्तामेन, तू गाडी दुरुस्त करतोयस की मला पेटवतोयस? मी म्हटलं, थोडं सरकून बस. ही चूक झाली. आजचं जेवण थंड.

पण पाचही जुने रॉड बाहेर! रबराचे तुकडे हातात आले, वाळक्या भाकरीसारखे. बिल्याना घाबरली यात नवल काय. माझी पोर यावर बसून आली होती. मला खरंच वाईट वाटलं.

७ ऑक्टोबर
विजय. नवे बुश साबणाच्या पाण्यात बुडवून व्हाइसच्या लोखंडी जबड्यात दाबून बसवले. भांडी घासायचा साबण संपला, त्यावर चर्चा झाली, ती लिहीत नाही. पाचही रॉड जागेवर. मी आणि रांगेल, दोघांनी पान्याला पाइप लावून, दात खाऊन बोल्ट आवळले. अ‍ॅक्सल अजून लोंबकळत होता, पण बोल्ट असे बसलेत की देव आला तरी सुटणार नाहीत. चाकं लावली, गाडी खाली घेतली. रांगेल म्हणाला, आता हिला पाजायला हवं. पाजलं.

बिल्यानाला मेसेज केला, गाडी तयार, नव्यासारखी. तिने अंगठा पाठवला. नुसता अंगठा. कामात असेल.

८ ऑक्टोबर
चाचणी. गाडी मागून उंच उभी राहिली आहे, शेपटी वर केल्यासारखी. नदीपर्यंत गेलो. दर खड्ड्याला मागून असा कुरकुर आवाज की रस्त्यावरची कुत्री उठून बसली. घरी येऊन खाली पाहिलं. एका नव्या बुशच्या रबराला चीर.

रांगेलने पाहिलं आणि अगदी सहज म्हणाला, चाकं हवेत असताना आवळलं की असंच होणार, रबर पिळलं जातं, गाडी जमिनीवर, वजनासकट असतानाच शेवटचं आवळायचं असतं. मी विचारलं, मग काल पाइपला लोंबकळत होतास तेव्हा का नाही बोललास? तर म्हणाला, अरे, मला वाटलं तू ठरवून करतोयस. प्लॅनिंगचा माणूस तू.

आणि जमिनीवर उभ्या गाडीखाली शिरायचं तर खड्डाच हवा.

९ ऑक्टोबर
दिवसभर उदास. कोणाला दाखवलं नाही. झ्लातका म्हणाली, तोंड का असं? म्हटलं, हवा बदलतेय.

पण संध्याकाळी सुचलं. काय सुचलंय! खड्डा रिकामा हवा आणि गाडीत वजन हवं. बरण्या खड्ड्यातून काढायच्या आणि डिकीत भरायच्या! दोन्ही कामं एकदम. झ्लातका उद्या बहिणीकडे गावी द्राक्षं तोडायला जाते. ती परत यायच्या आत बरण्या पुन्हा जागच्या जागी. तिला कळणारही नाही. गिरणी बंद पडली नसती तर मी आज कुठे असतो!

११ ऑक्टोबर
सुरुवात उत्तम. फाटका बुश बदलला. डिकी बरण्यांनी गच्च, उरलेल्या मागच्या सीटवर, पायाशीही. रांगेल वजन म्हणून पुढे बसला. पेन्चो सल्ला म्हणून बाहेर. मी खड्ड्यात. हँडब्रेक ओढलेला. सगळं शास्त्रशुद्ध.

बोल्ट सैल करायचे आणि आवळायचे, एवढंच होतं. पण नवे बोल्ट गंजू नयेत म्हणून ग्रीस लावावं असं मनात आलं. एकेक काढून, लावून, परत घालायचा. वेळ वाचावा म्हणून मी चारही लांब रॉडचे मागचे बोल्ट एकदम काढले आणि ग्रीसचा डबा आणायला वर आलो.

मी कपाटाशी होतो. मागे आवाज झाला. अ‍ॅक्सल सरकला, स्प्रिंगा निसटल्या, आणि गाडीची मागची बाजू सगळ्या बरण्यांसकट खाली बसली. मग थोडा वेळ फक्त काचा. आतून रांगेल म्हणत होता, स्तामेन, मी जिवंत आहे का? डिकीखालून ल्युतेनित्सा हळूहळू खड्ड्यात गळायला लागली. लाल. 

पेन्चोने विचारलं, तू खाली असतास तर? मी ग्रीसचा डबा परत कपाटात ठेवला. 

१२ ऑक्टोबर
झ्लातका आली. मी तिला दारातच गाठून सगळं नीट समजावणार होतो. तिने आधी गॅरेज पाहिलं. स्टूल ओढून बसली. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. विचारलं, तू गाडीखाली होतास? म्हटलं, नव्हतो. मग उठली आणि न फुटलेल्या बरण्या वेगळ्या काढायला लागली. मीही काढल्या. जर्दाळू वाचले आहेत. ल्युतेनित्सा एकही नाही.

तिचा सगळा सप्टेंबर होता तो. मला तिच्याकडे बघवेना.

१४ ऑक्टोबर
गाडी तशीच बसली आहे. जॅक खाली शिरत नाही. रांगेलची मान आखडली आहे, तो येत नाही. बिल्यानाला कळवलं, गाडी अगदी तयार आहे, फक्त नवे बुश बसायला विश्रांती देतोय, तेव्हा या खेपेला बसने घ्यायला येतो. तिचं उत्तर, बाबा, काही काळजी करू नकोस. यावेळी अंगठा नाही, हृदय.

१८ ऑक्टोबर
पहाटेच्या बसने मी आणि झ्लातका सोफियाला. सियाना मला ओळखत नाही. माझ्या मिशीला हात लावून रडली, मग पुन्हा लावला. मी म्हटलं, चला, परतीच्या बसला वेळ आहे, तोवर कॉफी घेऊ. क्रुम खिशातून किल्ली काढत म्हणाला, बस कशाला, गाडी आहे ना. भाड्याची. पांढरी, मोठी. आत लहान मुलांची सीट आधीच लावलेली. बिल्यानाने बुक केली होती, ऑगस्टमध्ये. मला फोन करायच्याही आधी.

मी म्हटलं, पण मी रॉड टाकत होतो. डुलणं बंद केलं असतं. ती माझ्या कोटाची कॉलर नीट करत हळूच म्हणाली, बाबा, डुलण्याचं काही नाही रे, तुझ्या गाडीत मागे सीटबेल्टचे पट्टेच नाहीत. सियानाची सीट बांधणार कशाने? गेल्या वर्षी मी तिला हातांनी धरून आणली, तो अख्खा रस्ता मला अजून स्वप्नात येतो.

झ्लातकाला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, भाड्याच्या गाडीचं माहीत होतं. मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, तू रोज सकाळी शीळ घालत खाली जायचास.

मला मागे बसवलं, सियानाच्या सीटशेजारी. माझा पट्टा बिल्यानाने स्वतः लावला आणि ओढून पाहिला. सियाना लगेच झोपली. सोफियापासून घरापर्यंत मी मागच्या चाकांकडे कान लावून बसलो होतो, काहीतरी वाजेल, मग मी क्रुमला सांगेन. काहीच वाजलं नाही.