पूर्वाश्रमीची वरलक्ष्मी

तंजावर, मंगळवार

सौभाग्यवती वरलक्ष्मीस अक्काचा आशीर्वाद.

तुझी प्रकृती बरी असावी असे गृहीत धरते. गुडघ्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे. इकडे आम्ही दोघेही ठीक (हे ठीक आहेत, मी सहन करते आहे).

सोबत ह्यांच्या शताभिषेकाची पत्रिका आहे. ती उघडण्यापूर्वी हे पत्र वाचावेस, कारण पत्रिकेनुसार ह्यांच्याशी गेली छप्पन्न वर्षे संसार तूच केला आहेस.

शताभिषेकात ऐंशी पूर्ण झालेल्या नवऱ्याने त्याच बायकोला पुन्हा मंगळसूत्र बांधायचे, हा आपल्याकडचा रिवाज. पुन्हा लग्न, म्हणजे वधूचे लग्नाआधीचे नावही पत्रिकेत हवे, असे माझ्या नातीने, हरिताने ठरवले. (तिला मराठी कळते, बोलताना तिचे तमिळ होते.) 'लग्नाआधीची' याला छापील शब्द तिने ऑफिसातल्या एका पुण्याच्या मुलीकडून मिळवला: 'पूर्वाश्रमीची'. शब्दाला माझी हरकत नाही. तो संन्याशालाही लावतात, आणि छप्पन्न वर्षांनंतर तो भेद फारसा उरत नाही. हरकत त्यापुढील नावाला आहे. मला अचंबित करायचे म्हणून ते मला न विचारता तिने आजोबांना विचारले. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने 'कनकलता' लिहिले ते ह्यांनीच. त्याखाली कोणते नाव पुसले गेले, हे पाहण्याची तसदी मात्र तेव्हा घेतली नव्हती. तरीही क्षणाचा विलंब न लावता ह्यांनी सांगितले, वरलक्ष्मी.

छापून आल्यावर मी आधार विचारला. "तुला पाहायला आलो, तेव्हा तुमच्या घरात तेवढं एकच नाव ऐकू येत होतं," हे म्हणाले.

आता हे खरे आहे. तू पायसमच्या पातेल्याशी होतीस आणि आई दर दोन मिनिटांनी तुला हाका मारत होती. मी मुकाट समोर बसले असल्याने मला हाक मारण्याचे प्रयोजनच नव्हते. तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या बाईला मान्य करावे लागते, की अनुमान चुकले असले तरी निराधार नव्हते.

नुकसानही मोजून पाहू. पत्रिका दोनशे, सारा मजकूर तमिळ, ही एकच ओळ देवनागरीत. ती वाचू शकणारे, हे सोडून, चारजण. त्यांत मी एक. पापनाशमचे कृष्णस्वामीराव मोतीबिंदूमुळे बाद. भटजी पोथीपलीकडे काही वाचत नाहीत. उरलीस तू. तेव्हा पत्रिका पुन्हा छापण्यास कारण नाही, आणि तू रुसून न येण्यासही नाही.

राहिला गुडघा. त्याच्या नावावर तू तीन वर्षे तिरुवैयारुहून इथवर, तेरा किलोमीटर, आलेली नाहीस. त्याच गुडघ्याने जानेवारीत नदीकाठच्या मांडवात पाच दिवस मांडी घालून गाणे ऐकलेस, असे तुझी सून वासुकी सांगते. मी निष्कर्ष काढत नाही.

तुझी,
अक्का

ता. क. वाचणारे कोणी नसतानाही हरिताकडून बाकी सर्व पत्रिकांतले नाव पेनने दुरुस्त करवून घेतले. तुझ्या तेवढ्या पत्रिकेला हात लावू दिला नाही. निदान भांडायला तरी येशील.

आणखी ता. क. आपला थोरला नटराजअण्णा गेल्यापासून मला भागीरथी म्हणणारी तूच एक उरली आहेस. भांडताना तू अक्का म्हणत नसायचीस, सरळ नावाने हाक मारायचीस. तशीच फाटकातून मार. मोठ्याने, ह्यांनाही ऐकू गेले पाहिजे.