म्यानातली तलवार

प्रिय दादा,

"तलवार खोटं बोलत न्हाई," हणमंतकाका म्हणाले होते, तीस वर्षांपूर्वी, देवीच्या जत्रेत. आदल्या दिवशी आपला पुजारी बारवेजवळ मारलेला सापडला होता. खुन्याने उपसली की देवीची ती बहमनी काळातली तलवार लाल होते, अशी गावाची श्रद्धा. मानकरी म्हणून तू उपसलीस आणि ती लालच निघाली. पोलिसांना पुरावा मिळाला नाही, तरी गावाने तुला औशाच्या एसटीत बसवलं.

परवा पुजाऱ्याच्या मेहुण्याने मरताना खून कबूल केला. तरी काका म्हणाले, "मग तलवार कशानं लाल झाली?"

तेव्हा मी देवळात सगळ्यांसमोर उभी राहिले. बाईने शिवायची नसते ती तलवार मी जत्रेआधी चोरून चिंचेने घासली होती, तुझ्या हातात चमकावी म्हणून. ओलीच म्यानात घातली. तो गंज होता, दादा. भीतीने मी गप्प राहिले.

"म्हंजे देवी न्हाई, चिंच बोलली व्हय!" मागून धोंडाआत्या म्हणाली. काकांनी मान खाली घातली.

किती हलकं वाटतंय! पण हे पत्र पेटीत टाकायला हात धजत नाही. तू माझं तोंड पाहणार नाहीस, ठाऊक आहे. तरी या भाऊबीजेला ये.

तुझी,
वर्षाराणी