बाबांच्या पाठीवरची पट्टी

४ मार्च
बाबा आजही दुपारभर कण्हत होते. परवाच तर नवी पट्टी लावली पाठीवर — अफूच्या जातीचं औषध, तीन दिवस कातडीतून झिरपत राहतं. मग दुखतं कसं? कॅन्सर वाढला म्हणावं तर डॉक्टर नाही म्हणतात. घरात माझ्याशिवाय दुसरं आहे कोण? हमदी! माझा धाकटा भाऊ. मायक्रोबस चालवायचा तेव्हा ट्रॅमाडॉलच्या नशेच्या गोळ्यांवर जगायचा. सुटलं म्हणतो. जित्याची खोड!

५ मार्च
वापरलेली पट्टी परत दिल्याशिवाय नवी मिळत नाही, कायदाच तसा. इस्पितळाच्या औषधखिडकीतल्या मर्वतबाईंनी आजची पट्टी उजेडात धरली. कडा दुमडलेल्या, गोंदात लोकरीचे तंतू. "नग्वा, ही कुणीतरी सोलून परत लावलीये. पुन्हा अशी आली तर मला वर कळवावं लागेल. औषध बंद होईल हं."
लाजेने मेले. आणि औषध बंद झालं तर बाबांचं काय?

७ मार्च
हमदी बाबांच्या खोलीतून बाहेर आला — खिशात चिकटपट्टीचं रीळ!
"हे कशाला रे?"
"बसची सीट फाटलीये."
बस विकून वर्ष झालं!

८ मार्च
नवी पट्टी लावली आणि तोंडावरच विचारलं. "बापाच्या औषधावर नशा करतोस? चोरा!" पुढ्यात मुलुखियाची पातळ भाजी निवत होती, त्याने हात लावला नाही. "ताई, तुला काय वाटायचं ते वाटू दे." नाही असं एकदाही म्हणाला नाही! घराबाहेर काढला. बाबांना सांगितलं, कामासाठी तांता शहरात गेलाय.
मला वाईट वाटत नाही. खोटं. वाटतंय.

९ मार्च
बाबा कण्हले नाहीत. बघा! रोग कुठे होता ते कळलं.
फक्त दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होते. नमाजेची सतरंजीही मागितली नाही.

१० मार्च
"हमदी कधी येतो गं? कालपासून नमाज नाही झाली. अंगात नशा घेऊन अल्लाहपुढे कसा उभा राहू? तोच पट्टी काढायचा, नमाज झाली की परत लावायचा. माझा हात नाही पोहोचत. तू रागावशील म्हणून मीच शपथ घातली होती त्याला, सांगू नकोस म्हणून."
आणि मी त्याला चोर म्हटलं!
दुपारची अजान झाली. बाबांनी सदरा वर केला आणि पाठ माझ्यापुढे धरली.